मेंढ्या खऱ्या, मग माणसं खोटी कशी?

थॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'चं परीक्षण हेन्री जेम्सनं डिसेंबर १८७४मध्ये 'द नेशन'मध्ये लिहिलं. त्याचा सूर असा, की या कादंबरीतलं माणसांचं सगळं बनावट आहे. विश्वास बसतो तो फक्त मेंढ्यांवर आणि कुत्र्यांवर. शेरा चटपटीत आहे, म्हणून टिकला. दीडशे वर्षं हार्डीवर बोलणारा प्रत्येक जण तो एकदा तरी उगाळतो. माझं भांडण या शेऱ्याशी आहेच, पण त्याहून जास्त ते त्याच्या मराठी भावंडांशी आहे.

ही भावंडं तुम्हीही वाचली असतील. 'शेतीचं चित्रण अस्सल, पण प्रेमकथेमुळे कादंबरी सैल पडते.' 'दुष्काळाचं भान प्रखर आहे, मात्र नायक-नायिकेचं प्रकरण रंजनाकडे झुकतं.' कुठल्याही परीक्षणात हे वाक्य सापडेल, नाव बदलून. मागे एका दिवाळी अंकाला मी विषय सुचवला होता : शेतकरी समाजातली प्रेमाची दुसरी संधी. म्हणजे एकदा हुकलेली, मोडलेली किंवा मरणानं तोडलेली गाठ पुन्हा बांधली जाते, अशी गोष्ट. संपादकांचा निरोप आला, की शेतकरी मरतोय आणि तुम्ही प्रेमाचं काय घेऊन बसलात? मला राग आला नाही, आश्चर्य वाटलं. मी अकोला जिल्ह्यातल्या कापूस-तुरीच्या घरातली आहे. आमच्याकडे माणसं मरतात हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण मागे राहिलेली माणसं त्यानंतर तीस-चाळीस वर्षं जगतात, हे मात्र कुणीतरी साहित्याला सांगायला हवं.

आधी हार्डी. बाजारात आज 'सेकंड चान्स' हा प्रेमकादंबऱ्यांचा एक स्वतंत्र कप्पाच आहे, आणि त्यात शेतावर घडणाऱ्यांची संख्या मोठी. मुखपृष्ठावर लाल कोठार, कुंपणाला टेकलेला रुंद खांद्यांचा माणूस. नायिका शहरातून परत येते, बापाचं आजारपण असतं, शेत लिलावात जाणार असतं, आणि शेजारच्या शेतावर नेमका तोच असतो ज्याला ती दहा वर्षांपूर्वी सोडून गेली. मी या वाचते, आवडीनं वाचते, त्यामुळे नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही. तक्रार एवढीच, की त्यांत कर्ज पाहुण्यासारखं येतं. तिसऱ्या प्रकरणात दार वाजवतं, शेवटच्या आधीच्या प्रकरणात कुणाच्या तरी चेकनं निघून जातं. मधल्या दोनशे पानांत नायकाला एकदाही बियाण्याचा भाव आठवत नाही. तिथे शेत म्हणजे पडदा. पडद्यापुढे समुद्रकिनारा लावला तरी गोष्ट तीच राहील.

हार्डीच्या कादंबरीत हे करून बघा. गेब्रियल ओक आधी मेंढपाळ होता, आता त्यानं खंडानं जागा घेऊन दोनशे मेंढ्या पाळल्या आहेत, आणि त्यांचे पैसे अजून फिटलेले नाहीत. बाथशिबा एव्हरडीनकडे त्या वेळी काहीच नाही. तो लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते. मग एका रात्री त्याचा अर्धवट शिकलेला तरुण कुत्रा सगळा कळप हाकत हाकत चुन्याच्या खाणीच्या कड्यावरून खाली लोटतो. मेंढ्या गाभण. विमा नाही. ओक सगळं विकून देणं फेडतो आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उरतो. दरम्यान बाथशिबाला काकाचं शेत मिळतं, तेही खंडाचंच, पण मोठं. म्हणजे ज्यानं मागणी घातली तो आता गडी आणि जिनं नाकारलं ती मालकीण. गंजीला लागलेली आग तो विझवतो आणि तिच्याकडे मेंढपाळ म्हणून कामाला लागतो.

आता यातून मेंढ्या काढा. गोष्ट उरते का? दुसऱ्या संधीची सगळी अडचणच त्या दोनशे मेंढ्यांनी निर्माण केली आहे. जेम्सला मेंढ्या खऱ्या वाटल्या आणि माणसं खोटी, याचा अर्थ त्यानं दोन्ही वेगळी वाचली. आमच्याकडे कुणी असं वाचत नाही. ज्याची बैलजोडी गेली त्याचं लग्नही लांबलं, हे आमच्या गावातल्या शाळकरी पोराला कळतं.

या कादंबरीतले दोन प्रसंग मला कुठल्याही कबुलीजबाबापेक्षा प्रेमाचे वाटतात. पहिला पोटफुगीचा. बाथशिबाच्या वागण्यावर ओक स्पष्ट बोलतो, म्हणून ती त्याला कामावरून काढते. दुसऱ्याच दिवशी मेंढ्या कुंपण मोडून कोवळ्या क्लोव्हरमध्ये शिरतात. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचं भावंड. दव असलेला असा चारा जनावरानं अधाशासारखा खाल्ला की काय होतं ते गोठा असलेल्याला सांगायला नको. पोट नगाऱ्यासारखं ताणतं, श्वास कोंडतो, आणि घटकाभरात जनावर आडवं. ५७ मेंढ्या. डाव्या कुशीत नेमक्या जागी नळीची सुई खुपसून वायू काढायचा, हे त्या टापूत एकट्या ओकला जमतं. ती हुकूम पाठवते, तो येत नाही. नीट विचारलं तर येईन म्हणतो. मग ती चिठ्ठीत विनवणी लिहिते, आणि तो येतो. ४९ ठिकाणी हात बरोबर बसतो, एका ठिकाणी चुकतो आणि ती मेंढी मरते. चार आधीच गेलेल्या, तीन आपोआप बऱ्या झालेल्या. हार्डी हा हिशेब देतो. प्रेमाच्या प्रसंगात मेलेल्या मेंढ्यांचा आकडा देणारा लेखक मला फार विश्वासाचा वाटतो.

दुसरा प्रसंग वादळाचा. मधल्या काळात बाथशिबानं सार्जंट ट्रॉय नावाच्या देखण्या शिपायाशी लग्न केलंय. सुगीच्या जेवणात नवे मालक सगळ्या गड्यांना ब्रँडी पाजतात. बाहेर आभाळ भरून आलेलं, आणि पाच गव्हाच्या, तीन बार्लीच्या गंज्या उघड्या. ओक मनात गणित करतो : सगळे मिळून ७५० पौंड. नवरा कोठारात झिंगून पडलाय. ओक विजांच्या लखलखाटात गंजीवर चढून शाकारतोय आणि बाथशिबा पेंढ्या वर देतेय. त्याच रात्री शेजारचा श्रीमंत शेतकरी बोल्डवूड स्वतःच्या गंज्या झाकायच्याच विसरतो, कारण तो बाथशिबाच्या नादानं खुळावलाय. रोमान्सचा रूढ कायदा सांगतो, की जो प्रेमापायी सगळं विसरतो तो खरा प्रेमिक. हार्डी उलट सांगतो : ज्याला स्वतःच्या गंजीची आठवण राहत नाही त्याच्या हाती माणूस देऊ नये. हे शहाणपण शेतकऱ्याचं आहे. बोल्डवूडचं पुढे काय होतं ते कादंबरीत वाचा. बंदूक आहे त्यात.

या कादंबरीचं मराठी भाषांतर करायचं झालं तर 'बेलिफ'ला शब्द कोणता? दिवाणजी म्हटलं की कचेरीचा वास येतो. मुनीम दुकानात बसतो. गावाकडचा शब्द 'कारभारी'. आणि हा शब्द बाया नवऱ्यासाठी वापरतात. 'कारभारी घरात नाहीत', 'कारभाऱ्यांना विचारून सांगते'. दुसरा शब्द 'मालक'. कितीतरी घरांत दोन्ही एकाच माणसासाठी चालतात, पण हार्डीनं ते दोन माणसांत वाटून दिलेत. ट्रॉय मालक होतो, आणि कायद्यानं होतो. १८८२चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा येईपर्यंत इंग्लंडात बायकोची बहुतेक मालमत्ता लग्नानंतर नवऱ्याच्या ताब्यात जात असे. म्हणून तर ट्रॉय तिचे पैसे घोड्यांच्या शर्यतीत उडवू शकतो. ओक आधी कारभारी होतो, कामानं होतो, आणि पुष्कळ नंतर त्या दुसऱ्या अर्थानं. शेवटाकडे हार्डी थांबून सांगतो, की असलं सहकाऱ्याचं प्रेम दुर्मिळ, कारण स्त्री-पुरुष एकत्र येतात ते मौजेसाठी, कामासाठी नव्हे. आमच्या आयाबहिणींना हे वाचून हसू येईल. त्या नवऱ्याला भेटल्या त्याच कामात. मौजेसाठी एकत्र येणं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

मग मराठीत ही गोष्ट का नाही? सामग्री नव्हती म्हणावं तर तसं नाही. उलट इंग्लंडपेक्षा आपल्याकडे दुसऱ्या संधीची रीतच होती आणि तिला नावही होतं : पाट. काही भागांत मोहतूर. शेती करणाऱ्या पुष्कळ जातींत विधवा किंवा काडीमोड झालेली बाई पाट लावू शकत असे. त्याला लग्नाइतका मान नव्हता. बहुतेक ठिकाणी तो रात्री, वाजंत्रीशिवाय लागे. पण होता. शेतात हात हवेत, पोरांना आधार हवा, बाईला माणूस हवं, हे समाजानं मान्य केलं होतं. आज शहरातल्या मराठी वाचकाला 'पाट' म्हटलं तर पाण्याचा आठवतो, नाहीतर जेवायला बसायचा.

तो कसा गेला हीच एक कादंबरी आहे. सुधारकांचा मोठा विजय म्हणून आपण १८५६चा विधवा पुनर्विवाह कायदा शिकतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानं पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट आधीपासूनच चालत होता त्यांनाही हे कलम लागू करण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं पुढे दिला. अलाहाबादनं मात्र उलट मत धरलं. म्हणजे बामणवाड्यातल्या बाईला जो कायदा दार उघडून देत होता, त्यानंच कुणबिणीच्या दाराला कडी घातली : जा, पण जमीन ठेवून जा. त्यात वर चढू पाहणाऱ्या घरांनी पाट बंद करणं हे प्रतिष्ठेचं लक्षण मानलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १८८२मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहीत होत्या, त्यांच्या रागाला ही पार्श्वभूमी आहे. तिकडे ज्या वर्षी बाथशिबासारख्या बायकांची मालमत्ता त्यांच्या नावावर राहायला लागली, त्याच वर्षी इकडे ही बाई विचारत होती, की नवरा मेल्यावर बाईनंच का मरायचं.

ते कलम आता कायद्यात नाही. धाक आहे. आमच्या नात्यातली एक वहिनी सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. कारण तुम्ही ओळखलं असेल. चार एकर कोरडवाहू, दोन मुलं. गावातला एक जण तिचं शेत बटईनं करायचा, नीट करायचा. पऱ्हाटी त्यानं स्वतःच्या शेताआधी तिच्यात लावलेली मी पाहिली आहे. दोघांबद्दल कुजबुज सुरू झाली तेव्हा सासरच्यांनी चारित्र्याचा विषय काढलाच नाही. दिरानं एवढंच विचारलं, 'मग सातबाऱ्याचं काय?' पुढच्या हंगामात बटई मोडली. वहिनीनं मला एकदा सांगितलं, की तो माणूस तुरीला पाणी सोडताना आपल्याशी पिकाबद्दलच बोलायचा, दुसरं काही नाही, आणि तेवढं बोलणंसुद्धा आता नाही. हे ऐकताना मला ओक आठवला, यात माझं वाचन दाखवण्याचा हेतू नाही. ओक त्या बांधावरच उभा होता.

सरकारी कागदात आत्महत्येची प्रकरणं 'पात्र' आणि 'अपात्र' ठरतात. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, हे बघून. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि बाकीचे ठेवीत. मराठी कादंबरीत ही बाई येते ती या कागदापर्यंतच. शेवटच्या प्रकरणात हंबरडा फोडते आणि पुस्तक मिटतं. तिथे ती पात्र होतच नाही, ती पुरावा असते. नवऱ्याचं दुःख किती खरं होतं याचा पुरावा.

माझ्यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे : मराठी ग्रामीण कादंबरीनं वास्तव दाखवलं, तुला गोडवा हवाय. नाही. मी 'गोतावळा' मानते. आनंद यादवांच्या त्या कादंबरीतला नारबा सालगडी आहे, गोठ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि मालकाचा ट्रॅक्टर आला की तोही उखडतो. पण त्या पुस्तकावर झालेलं बोलणं बघा. जनावरांच्या वर्णनाची, भाषेची, यंत्रयुगाची चर्चा भरपूर. लग्नावाचून राहिलेल्या एका गड्याची माणसासाठीची भूक हा त्यातला जिवंत निखारा, त्याच्याबद्दल मोजकं. पुन्हा तेच : मेंढ्या खऱ्या. सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ची. तिच्यातला शिकलेला एकनाथ गावात अडकतो आणि शेतीच्या तोट्याबरोबर त्याचा संसारही उसवतो. संसार का उसवतो हे देशमुख बारकाईनं दाखवतात. तो पुन्हा कसा सांधला जाईल, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकानं विचारायलाच हवा होता असं मी म्हणत नाही. पण त्यानंतरच्या वीसेक वर्षांत कुणीतरी विचारायला हवा होता.

दुःख हा कादंबरीचा प्रामाणिकपणा आणि सुख ही तिची लबाडी, ही समजूत आपल्याकडे कुठून आली मला ठाऊक आहे. मध्यमवर्गीय वाचकाला गावाबद्दल जो अपराध वाटतो, त्याची फेड शोकांतिकेनं होते. डोळे पुसले की हिशेब चुकता. सुखाची गोष्ट वाचली तर उलट अडचण होते, कारण मग ती माणसं आपल्यासारखीच निघतात : हट्टी, लाजरी, चुकीच्या माणसावर भाळणारी, पस्तिशीत पुन्हा केसांना तेल लावून आरशात बघणारी. त्यांची कीव करता येत नाही. बाथशिबाची कुणाला कीव येते का? ती चोर कारभाऱ्याला हाकलते, गड्यांची मजुरी स्वतः मोजून देते, धान्याच्या बाजारात पुरुषांच्या गर्दीत मुठीतलं धान्य दाखवून भाव करते, आणि तरीही तलवारीचे हात दाखवणाऱ्या फालतू माणसाला भुलते.

आणि सुख म्हणजे हार्डीकडेही मोगऱ्याचा मांडव नाही. शेवटी ओक कामाचा राजीनामा देतो, कॅलिफोर्नियाला जायचं म्हणतो, आणि जातो कुठे तर शेजारचंच शेत खंडानं घ्यायला. हे मला महत्त्वाचं वाटतं. लग्नाआधी त्याच्या पायाखाली स्वतःची जागा येईल अशी तजवीज हार्डी करून ठेवतो. मालकीण आणि गडी हे अंतर मिटल्याशिवाय दुसरी संधी खरी होणार नाही, हे त्याला कळलं होतं. कुणाचा चेक येत नाही, कळपाचा विमा मागच्या तारखेनं निघत नाही. गमावलेल्या मेंढ्यांची भरपाई व्हायला जवळजवळ सगळी कादंबरी लागते.

आमच्याकडे हा हिशेब आज किती उघड आहे बघा. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात बाशिंग बांधलेली, घोड्यावर बसलेली पोरं जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेली : आम्हाला मुली मिळत नाहीत. बातम्यांनी त्याची गंमत केली. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला. या दोन बातम्या मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकीकडे लग्नावाचून राहिलेले शेतकरी, दुसरीकडे पंचविशी-तिशीत कपाळ पुसलेल्या शेतकरणी, मध्ये सातबारा. हा कथानकाचा सांगाडा नाही तर काय आहे? की यातून निघणाऱ्या पुस्तकावर 'रोमान्स' असं लिहावं लागेल, म्हणून आपण ते लिहीत नाही?

हार्डीला मी सगळं माफ केलेलं नाही. गडीमाणसं त्यानं बऱ्याचदा विनोदाला वापरली. पुढे १८८३मध्ये डॉर्सेटच्या मजुरांवर त्यानंच लेख लिहिला, आणि खेडवळ मजूर म्हणजे एकसाची बावळट ही शहरी कल्पना खोटी असल्याचं ठासून सांगितलं. कादंबरीत त्या गड्यांना तेवढा न्याय मिळत नाही. आणि फॅनी रॉबिन! बाथशिबाच्या घरची ही मोलकरीण ट्रॉयनं फसवलेली. ती कॅस्टरब्रिजच्या वर्कहाउसपर्यंत रात्रभर सरपटत जाते, बाळंत होते आणि बाळासकट मरते. जिच्याकडे शेत आहे तिला दुसरी संधी. जिच्याकडे अंगमेहनत सोडून काही नाही तिला पहिलीही नाही.

म्हणून मराठीत ही कादंबरी कुणी लिहायला घेतलीच तर तिनं चार एकरवाल्या वहिनीपाशी थांबू नये. बीडकडून कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल जोडप्याला मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कोयता व्हावा म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. तिथे नवरा मेला किंवा सोडून गेला, की बाईकडे जमीन उरत नाही, त्याची न फिटलेली उचल उरते. तिच्या शेजारच्या कोपीत कुणी दुसरा अर्धा कोयता असेल. मोळ्या बांधताना, पहाटे गाडी भरताना दोघांचं कामाचं बोलणं होत असेल. त्यांनी एकत्र कोयता धरायचा ठरवला तर आधीच्या माणसाची उचल कुणाच्या नावावर चढते, आणि मुकादम ते नातं वहीत काय म्हणून लिहितो?